आडनावाशेजारी नांदेल असे नाव

या वेळच्या टपालात बाळाच्या नावाविषयी तीन पत्रे आली आणि तिन्ही पत्रांतली अडचण एकच होती. नाव मनापासून आवडले आहे, परंतु ते घराण्याच्या आडनावाशेजारी ठेवून पाहिले की जिवाची घालमेल होते. विषय हळवा असल्यामुळे पत्रलेखकांची नावे येथे दिलेली नाहीत. आडनावे मात्र त्यांच्या संमतीने दिली आहेत, कारण त्यांच्यावाचून उत्तर देणे शक्यच नव्हते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचे आडनाव गाढवे. मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला, म्हणजे गीता जयंतीच्या दिवशी, मला मुलगी झाली. सासूबाई गेली कित्येक वर्षे पहाटे आंघोळ करून गीतेचा एक अध्याय म्हणतात, त्यामुळे नातीचे नाव ‘गीता’च ठेवायचे, असे त्यांनी दवाखान्यातच सांगून टाकले. मलाही नाव आवडले होते. यजमान मात्र गप्प होते. बारशाच्या आदल्या रात्री त्यांनी मला सांगितले की, पाचवीत असताना ते गीतापठण स्पर्धेत पंधरावा अध्याय म्हणण्यासाठी उभे राहिले आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ‘गाढवापुढे वाचली गीता’ असे ओरडले. सगळी मुले हसली, बाईसुद्धा हसल्या, आणि ‘ऊर्ध्वमूलमधःशाखम्’च्या पुढे एक अक्षरही न म्हणता ते खाली येऊन बसले. सासूबाईंना यातले काहीच ठाऊक नाही. माझ्या तब्येतीचे कारण सांगून आम्ही बारसे पुढे ढकलले आहे. गुरुजींनी रेवती नक्षत्राचा दुसरा चरण आणि ‘दो’ हे अक्षर काढून दिले आहे, त्यावरून एकही नाव सुचत नाही. सासूबाईंचे मन न मोडता काय करावे? नाव नोंदवण्यासाठी किती मुदत असते? की हे आडनावच बदलून टाकावे?

उत्तर : प्रथम मुदतीचे सांगते, म्हणजे तुमच्या मनावरचे दडपण थोडे उतरेल. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ती माहिती दवाखान्याकडूनच निबंधकाकडे जाते. परंतु ही नोंद बाळाच्या नावाविना करता येते. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ यातील कलम १४ त्यासाठीच आहे. नोंदणीच्या तारखेपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतरही विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत ते भरण्याची सोय आहे. तेव्हा बारसे पुढे गेले म्हणून काहीही बिघडलेले नाही. मात्र एकदा लिहिलेले नाव बदलणे कष्टाचे असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून, म्हणजे या कायद्यात सुधारणा झाल्यापासून, त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, आधार, पारपत्र, मतदारयादी, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी अशा सर्व ठिकाणी जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करण्यासाठी जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. म्हणून महिनाभर अधिक विचार केला तरी चालेल, परंतु घाईत नाव लिहून येऊ नये.

आता तुमच्या यजमानांविषयी. तीस वर्षांहून अधिक काळ मी शाळेत मराठी शिकवले आणि रोज सकाळी हजेरी घेतली. एका वर्षी माझ्या वर्गात उंदरे आडनावाचा एक मुलगा होता. खिडकीजवळच्या बाकावर बसायचा. त्याच्या आधीच्या मुलाचे नाव घेतले की तो उभाच राहायचा आणि माझ्या तोंडून ‘उं’ बाहेर पडताक्षणी ‘हजर’ म्हणून मोकळा व्हायचा, जेणेकरून पुढची दोन अक्षरे कोणाच्या कानावर पडू नयेत. ही त्याची युक्ती माझ्या लक्षात यायला चार महिने लागले, याचे मला अजून वाईट वाटते. तुमच्या यजमानांनी इतकी वर्षे जे मनात ठेवले, ते क्षुल्लक नाही. ‘मुलेच ती, चिडवायचीच’ असे म्हणून कोणी त्यांची समजूत घालू लागले तर ते तुम्ही ऐकून घेऊ नये.

‘गीता’ हे नाव ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता’ ही म्हण मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. बाकीच्या नावांना आडनाव चिकटवून कोणी काही रचायचे म्हटले तर थोडे डोके चालवावे लागते. येथे ते काम भाषेने आधीच करून ठेवलेले आहे. मुलगी पहिल्यांदा वर्गात पूर्ण नाव सांगेल त्याच दिवशी ही म्हण कोणालातरी आठवेल आणि पुढे प्रत्येक नव्या वर्गात, नव्या नोकरीत ती पुन्हा पुन्हा आठवली जाईल.

गाढवे हे आडनाव व्याकरणाच्या अंगानेही जरा निरखून पाहावे लागते. ‘गाढव’ या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन ‘गाढवे’ असेच होते. त्यामुळे त्याच्याआधी विशेषणासारखे वाचता येणारे नाव आले की दोन्ही मिळून आपोआप शब्दप्रयोग तयार होतो. सुंदर, चंचल, कोमल, प्रसन्न, विशाल ही नावे एरवी किती चांगली आहेत, परंतु लिंग-वचनाप्रमाणे न बदलणारी विशेषणे असल्यामुळे ती या आडनावाला लगेच चिकटतात. प्रज्ञा, मनीषा, मेधा, मती अशी बुद्धिवाचक नावेही येथे टाळावीत, कारण आडनावाचा जो अर्थ लोक गृहीत धरतात त्याच्या नेमके उलट नाव ठेवले की दोन्हींमधला विरोध उठून दिसतो. पुष्कळ आईवडील असे भारदस्त नाव मुद्दाम निवडतात. आडनाव त्याखाली झाकले जाईल, अशी त्यांची समजूत असते. आडनाव झाकले जात नाही, उलट कान तिकडेच लागतो. जे नाव रोजच्या बोलण्यात शब्द म्हणून फारसे येत नाही, केवळ नाव म्हणूनच ओळखले जाते, ते अशा आडनावाशेजारी शांतपणे नांदते.

सासूबाईंच्या इच्छेचे काय करायचे, याचे उत्तर मला गीतेतच सापडले. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात. त्यात ‘मासानां मार्गशीर्षोऽहम्’ असे म्हणून तुमच्या मुलीच्या जन्ममासाचाही मान राखलेला आहे. त्याच अध्यायाचा चौतिसावा श्लोक तर मुलींच्या नावांची यादीच आहे : ‘कीर्तिः श्रीर्वाक्च नारीणां स्मृतिर्मेधा धृतिः क्षमा.’ स्त्रियांमध्ये मी या सात रूपांनी आहे, असे तेथे म्हटले आहे. मी ही सातही नावे तुमच्या आडनावासह मोठ्याने म्हणून पाहिली. मेधा वर सांगितलेल्या कारणाने बाद होते. ‘क्षमा गाढवे’ हे माफी मागितल्यासारखे ऐकू येते. कीर्ती आणि स्मृती वाईट नाहीत, परंतु दोन्ही शब्द रोजच्या वापरातले आहेत. ‘धृती गाढवे’ हे मात्र म्हणता म्हणता मला आवडत गेले. दोन अक्षरांनंतर तीन अक्षरे येतात, आधी दंत्य ‘ध’ आणि मग मूर्धन्य ‘ढ’, त्यामुळे उच्चाराला एक ठामपणा येतो आणि कोणतीही म्हण आठवत नाही. त्याच अध्यायात जान्हवी आणि गायत्री हीदेखील नावे येतात. तुम्हाला ती सुचतील म्हणून आधीच सांगते की, ‘जान्हवी गाढवे’मध्ये ‘वी’ आणि ‘वे’ यांचे यमक खटकते आणि ‘गायत्री’मधली पहिली दोन अक्षरे वेगळी काढली की गाईशेजारी गाढव उभे राहते. मुले ही फोड पहिल्याच दिवशी करतात.

धृती म्हणजे धीर, धारण करण्याची शक्ती. ‘धृ’ या धातूचा अर्थच धरणे, पेलणे असा आहे. कुंभाराची माती असो की गडावर चढवायची वाळू आणि विटा असोत, पाठीवर ओझे घेऊन न कुरकुरता चालणाऱ्या ज्या प्राण्यावरून लोक तुम्हाला चिडवतात, त्याचा गुण या नावात येतो, आणि तो गौरवाने येतो. पैठणच्या एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेल्या गंगेच्या कावडीतले पाणी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले, ही कथा सासूबाईंना निश्चित ठाऊक असेल. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की आजीने ती तिला सांगावी. ‘माझे आडनाव असे का?’ या प्रश्नाला घरात आधीपासून एक चांगले उत्तर तयार असावे, एवढाच माझा हेतू आहे. वाघ, कोल्हे, लांडगे, घोरपडे ही आडनावेही प्राण्यांचीच आहेत आणि त्यांतली काही मोठ्या अभिमानाने मिरवली जातात. तेव्हा तुमच्या घराण्यानेही खाली मान घालण्याचे कारण नाही.

‘दो’ या अक्षराची काळजी करू नका. जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्रात रेवतीची अक्षरे दे, दो, चा, ची अशी आहेत आणि काही नक्षत्रांच्या चरणांना तर ‘ण’ किंवा ‘ङ’ अशी अक्षरे येतात, ज्यांवरून नावे होतच नाहीत. म्हणूनच नावरस नाव, म्हणजे त्या अक्षरावरून येणारे नाव, पत्रिकेत लिहून व्यवहारातले नाव वेगळे ठेवण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. नक्षत्राशी काही नाते हवेच असेल तर ‘रेवती’ हे नाव आहेच. ‘रेवती गाढवे’ हेदेखील कानाला गोड लागते आणि धृती घरात कोणाला पटले नाही तर मी तेच सुचवेन.

नाव नक्की करण्याआधी ते दोन्ही बाजूंनी वाचून पाहा. राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापले जाते आणि शाळेच्या हजेरीपटावरही पुष्कळदा तसेच असते, म्हणून ‘गाढवे धृती’ असेही म्हणून पाहायला हवे. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रात ठरवून दिलेला आहे. तुमचे नाव मध्ये येणार असल्यामुळे चारही नावे सलग म्हणा आणि त्यांची रोमन आद्याक्षरेही एका ओळीत लिहून पाहा. पुढे वह्यांवर आणि डब्यावर मुले तीच लिहितात. धृती हे नाव रोमन लिपीत ‘आर’नंतर ‘यू’ घालूनही लिहितात आणि ‘आय’ घालूनही लिहितात. अर्ज भरण्यापूर्वी यांतले एक ठरवा आणि मग सर्वत्र तेच वापरा.

आडनाव बदलण्याचा मार्ग कायद्याने मोकळा आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घेता येतो आणि अनेक घराण्यांनी गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव बदललेले आहे. तुमच्या यजमानांना ते स्वतःसाठी मनापासून हवे असेल तर त्यात काहीही गैर नाही आणि करायचेच असेल तर मुलगी शाळेत जाण्यापूर्वी करावे. परंतु केवळ ती म्हण चुकवण्यासाठी आडनाव टाकू नये. त्यासाठी नाव बदलणे पुरेसे आहे.

शेवटी सासूबाईंचे. पाचवीतली ती हकीकत यजमानांनी स्वतः आपल्या आईला सांगावी, तुम्ही नव्हे. सुनेने ‘गीता नको’ म्हटले तर ते नावाला नकार दिल्यासारखे होईल. मुलाने सांगितले तर आईला आपल्या लेकराचे दुःख कळेल. ते सांगून झाल्यावर दहाव्या अध्यायाचा चौतिसावा श्लोक त्यांच्यापुढे ठेवा आणि सातांपैकी कोणते नाव घ्यायचे हे त्यांनाच विचारा.

प्रश्न : आमचे आडनाव आंधळे. मुलगा आणि सून यांनी नातीसाठी ‘श्रद्धा’ हे नाव पसंत केले आहे. मला ते ऐकल्यापासून चैन पडत नाही. पुढे नातू झाला तर ‘प्रेम’ ठेवू, असेही ते बोलतात. मी आजोबा. यात मी बोलावे की बोलू नये?

उत्तर : आजोबा, तुम्ही बोलावे. एकदाच, बारशाच्या आधी आणि दोघांनाही समोर बसवून बोलावे. तुमच्या मनात आलेली शंका रास्त आहे. आपल्या भाषेत श्रद्धा आणि प्रेम या दोन्ही शब्दांना ‘आंधळे’ हे विशेषण इतके सरावाने लागते की, ‘प्रेम आंधळे’ हे नाव म्हणून वाचायच्या आधी वाक्य म्हणून वाचले जाईल आणि आडनाव आधी घेतले तरी तोच अर्थ निघेल. ‘श्रद्धा आंधळे’ या नावाला तर अंधश्रद्धेच्या प्रत्येक बातमीनंतर कोणीतरी छेडेल. तरुण आईवडिलांच्या हे लक्षात येत नाही, कारण ते नाव एकटेच म्हणत असतात. बाळाला हाक मारताना आडनाव कोण घेतो?

नयना, सुलोचना, दृष्टी, ज्योती ही नावेही या आडनावाला लावू नयेत. हाच नियम इतर घराण्यांनाही लागू पडतो. टकले यांच्या घरी केशव, कारण केशव म्हणजे सुंदर केसांचा. बहिरट यांच्या घरी श्रुती, कारण श्रुती म्हणजे ऐकणे. कडूंच्या घरी मधुरा आणि आगलाव्यांच्या घरी ज्वाला. ही नावे ठेवणाऱ्यांच्या मनात काहीही नसते, परंतु अर्थाने अर्थाला ओढून आणलेले असते. आडनाव ज्या इंद्रियाविषयी, चवीविषयी किंवा वस्तूविषयी आहे, त्या परिसरातून नाव न घेता दूरचे घ्यावे, म्हणजे नदीचे, वृक्षाचे, गाण्यातल्या रागाचे किंवा ऋषिकन्येचे. शर्वरी मात्र नको, कारण तो रात्रीचा शब्द आहे. इरा, शाल्मली, गार्गी, मैत्रेयी यांपैकी कोणतेही नाव ‘आंधळे’शेजारी व्यवस्थित बसते.

आडनावाविषयी मात्र मनात कमीपणा आणू नका. दृष्टी नसणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, त्यामुळे तिच्यावरून पडलेले आडनावही तशी गोष्ट होऊ शकत नाही. शरद बोबडे यांनी उभे आयुष्य न्यायालयात बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या कामात घालवले आणि २०१९ ते २०२१ या काळात ते भारताचे सरन्यायाधीश होते. त्यांच्या आडनावाचा अर्थ त्या काळात कोणाच्या मनातही आला नसेल.

तुम्ही बोलल्यावरही मुलाने आणि सुनेने ‘श्रद्धा’च ठेवायचे ठरवले, तर पाळण्यापाशी सर्वांत आधी तुम्ही त्या नावाने हाक मारा आणि ही शंका पुन्हा कधीही, कोणाही नातेवाइकाजवळ काढू नका. मुलीला नावावरून पहिला टोमणा घरातूनच मिळाला, असे अनेकदा घडलेले मी पाहिले आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. आडनाव मोरे. मुलीचे नाव अनिका ठेवून लाडाने ‘अनी’ म्हणायचे ठरले होते, परंतु येथील एका मैत्रिणीने सांगितले की, ‘अनी मोरे’ रोमन लिपीत लिहिले की इंग्रजांना ते ‘एनी मोअर’ असे वाटेल. आता नावच बदलावे काय?

उत्तर : नाव बदलू नका, लाडाचे नाव तेवढे बदला. अनिका हे नाव दोन्ही भाषांत सहज उच्चारता येते आणि आडनावासह लिहिले तरी त्यातून इंग्रजी शब्दप्रयोग तयार होत नाही. अडचण ‘अनी’ची आहे, आणि शाळेत मुले लाडाचेच नाव पसरवतात. मैत्रिणीने वेळीच सांगितले, हे चांगले झाले. परदेशात राहणाऱ्यांनी नाव रोमन अक्षरांत लिहून तेथे जन्मलेल्या एखाद्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावेच, कारण आपल्याला आपले नाव अक्षरांतून दिसत नाही, ते आधीच ऐकू येत असते. शितोळे, दीक्षित, दाते, साने अशी आपल्याकडे अगदी साधी असलेली आडनावेही त्या लिपीत गेली की भलतेच काही होऊन बसतात.

इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांच्या आत करावी लागते आणि नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत पहिल्या नावात दुरुस्ती करण्याची सोय आहे. म्हणजे तुम्हालाही घाई नाही. आडनावाचा उच्चार शिकवताना ‘मो’ आणि मग ‘डो-रे-मी’मधला ‘रे’ असे सांगितले तर तेथील शिक्षकांना लगेच समजते. मुलीला मात्र तो उच्चार तीन-चार वर्षांची असतानाच ठामपणे दुरुस्त करायला शिकवा, म्हणजे मोठेपणी तिला त्याचा संकोच वाटणार नाही.

‘अनी’च्या जागी कोणते लाडाचे नाव घ्यावे, हे तुमच्या आईला किंवा सासूबाईंना विचारा. इकडून रोज फोनवर त्याच नावाने हाक मारायची आहे, तर ते त्यांच्या तोंडात सहज बसणारे असावे.